काडीची कोठी

५ जानेवारी

थोरले,

तुला एक आजी आहे. आठवते का बघ. बुटकी, रुंद, जिन्यात समोरून कुणी आलं तर दोघांपैकी एकाला मागे फिरावं लागतं, ती. मागच्या पत्राचं काय झालं म्हणून फोन केला तर म्हणालीस, कुठलं पत्र? तेव्हापासून मी फोनला हात लावलेला नाही. फोनवर तू नुसतं हं हं करतेस आणि ठेवला की पाटी कोरी. कागद निदान टेबलावर पडून तुझ्याकडे बघत तरी राहतो.

लिहायला काडी बसली आहे. तुझ्या या चुलत बहिणीचं अक्षर तिच्यासारखंच, उंच आणि किडकिडीत. मला ते वाचता येत नाही, पण शिंपी म्हणतो तसं. (ताई, असलंही लिहायला लावते. — काडी)

इकडे सगळं जागच्या जागी आहे. खाली भट्टी, वर आम्ही. तुझा काका भट्टीशी बोलतो, माणसांशी बोलत नाही. काकू दोघांच्या वाटचं बोलते. काडी आता भट्टीच्या तोंडाशी उभी राहून लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पाव काढते आणि एकही लादी करपू देत नाही. पुढेमागे भट्टी तिच्याच हाती जायची, असं ठरलंय.

शेजारचा शिंपी विचारत होता, थोरली काय काम करते? मी म्हटलं, चरबीवर काम करते. तो म्हणाला, खाटकाकडे? मी म्हटलं, अरे शिकलेली आहे ती. तर म्हणे, शिकलेला खाटीक. आता मला नीट समजावून सांग. चरबी बघायला इतक्या लांब जायचं काय कारण, घरात ढीगभर होती की.

माझी रक्तातील साखर फार वाढली आहे. चारशेच्या आसपास असते. सतत भूक व तहान लागते. औषध घेऊनही उतरत नाही. यावर काही उपाय असल्यास कळवावा.

सफरचंदं संपली. डझनभर पाठवून तोंडाला पानं पुसू नकोस, पेटी पाठव. काडी घरात आहे तोवर डझन म्हणजे दर्यात खसखस. (हे खरं आहे. — काडी)

तुझी आजी


१८ जानेवारी

आजी,

पत्र मिळालं, हरवलं नाही, विसरले नाही. आत्ता समोर आहे आणि तू म्हणतेस तसं माझ्याकडे बघतंय.

आधी शिंप्याचं उत्तर. भट्टीमागची आपली पिठाची कोठी आठव. गाडीवाला पोती उतरवायचा, तू आत उभी राहून रचून घ्यायचीस, आणि कोठी भरली की दोरी ओढून घंटा वाजवायचीस. घंटा ऐकली की तो थांबायचा. लोकांना वाटतं, शरीरातली चरबी म्हणजे नुसती पोती. तसं नाही. चरबीची प्रत्येक पेशी ही कोठीही आहे आणि घंटा वाजवणारी कोठीवालीही. ती प्रथिनं बनवते आणि रक्तात सोडते. म्हणजे निरोपच पाठवते. एका प्रथिनाचं नाव लेप्टिन. तो मेंदूला सांगतो, साठा भरपूर आहे, आता पुरे. दुसऱ्याचं नाव अ‍ॅडिपोनेक्टिन. तो अंगाला सांगतो, दार उघडा, साखर आत घ्या.

माणूस फार जाड झाला, कोठी ठासून भरली, की कोठीवालीचं तंत्र बिघडतं. घंटा सारखी वाजत राहते आणि मेंदू तिला सरावून बहिरा होतो. दार उघडा म्हणणारा निरोप मात्र कमी कमी होत जातो. मग साखर रक्तात, दाराबाहेर ताटकळत उभी राहते. तो मधुमेह. माझं काम या निरोपांचं आहे. रोज लोकांचं रक्त येतं आणि कुणाच्या रक्तात कुठला निरोप किती, हे आम्ही मोजतो. खाटकाचं दुकान याहून जास्त स्वच्छ असतं, असंही शिंप्याला सांग.

आता तुझं. चारशे वाचलं आणि हातातलं काम टाकून हे लिहायला बसले. नवल मात्र वाटलं नाही. तुझ्या आकाराला हे आज ना उद्या होणारच होतं. रोज चालायला जा, जिन्यावर बसून गप्पा मारणं म्हणजे चालणं नव्हे. भट्टीतून वर येणारा पहिला गरम पाव तुझ्याकडे येतो, तो बंद. डॉक्टर सांगतील ते औषध वेळेवर. रागाव हवं तर, पण कर.

पेटी पाठवते आहे. तू दिवसाला एक. बाकीची काडीची, तिचं काय, तिला सगळं पचतं.

तुझी थोरली


२ फेब्रुवारी

थोरले,

हे पत्र शिंप्याच्या हातचं आहे. कापायची सवय असलेला माणूस आहे, पण त्याला बजावलंय, माझं एक वाक्य जरी आखूड केलंस तर तुझ्याकडे बटणसुद्धा लावायला देणार नाही. (आजींनी सांगितल्याप्रमाणे, शब्दास शब्द. — शिंपी)

झालं असं. तुझं पत्र काडीने मला वाचून दाखवलं. कोठीचं आणि घंटेचं सगळं रंगवून वाचलं, आणि मग एकदम, तुझी थोरली. एवढा मोठा कागद आणि शेवटी नुसतं सांगणं? मला शिव्या नाहीत, टोमणा नाही, चाल म्हणून ओरडणं नाही? मला अक्षर कळत नसलं तरी माझी नात कळते. कागद घेऊन थेट शिंप्याकडे गेले. त्याने उरलेलं वाचलं. मग त्याला म्हटलं, माझ्या पत्रात मी काय लिहिलं असेल म्हणून ही असं बोलते आहे? आणि दोघांच्याही डोक्यात एकदमच उजेड पडला.

अगं, मी सांगितलं होतं, हिची साखर. काडीने लिहिलं, माझी साखर.

माझी साखर खडीसाखरेसारखी चोख आहे. मागच्याच महिन्यात डॉक्टरने तपासली, पुन्हा तपासली, मग त्याचं यंत्र तपासलं. तो म्हणाला, आजी, तुम्ही अशा असायला नको होतात. मी म्हटलं, माझी सूनही तेच म्हणते.

चारशे काडीची आहे. तुझ्यासाठी मी तिला लिहायला लावलं होतं ते सगळं पोरीने गिळलं. आता ऐक. ती सारखी खाते आणि तरीही काडीच राहते. गाल बसले आहेत. दंडावर शिरा अशा उठून दिसतात की भट्टीवरची पोरं तिला पैलवान म्हणतात. मान काळी पडलीय. मी घासून घासून धुतली, ती मळ नाहीच, कातडीच तशी, जाडसर मखमलीसारखी. आणि सगळ्यांत वाईट, तपासणीला रक्त काढलं तर नळीत थोड्या वेळाने वर दुधासारखा पांढरा थर आला. रक्त काढणारा म्हणाला, लोणी खाऊन आलीस का? तेव्हापासून डॉक्टरही म्हणतो, ही चोरून गोडधोड खाते. भट्टीवाल्याची पोर, हाताशी सगळं, कोण विश्वास ठेवणार. तिची आईसुद्धा ठेवत नाही.

मी तुझ्या काकूशी पैज लावली. म्हटलं, पोर माझ्या खोलीत झोपेल, माझ्याच हातचं जेवेल, डॉक्टर सांगेल तितकंच, आणि भट्टीवर जाईल तेव्हा मी जिन्यावर बसेन. साखर उतरली तर ती चोर, मी वर्षभर तुझे पाय चेपीन. नाही उतरली तर तू माझे. भुकेने पोरीचं तोंड एवढंसं झालं. एकदा मला म्हणाली, "आजी, मी चोरत नाही. पण तुला कळत नाही, जेवून उठतानाच मला भूक लागलेली असते." साखर उतरली नाही. काकू म्हणते, तरीसुद्धा कुठूनतरी खात असेल. पैज मी जिंकले आणि पाय कुणी चेपत नाही.

तुझ्या काकाने ठरवलंय, या महिन्याअखेर काडीला भट्टीवरून काढायचं. तिच्या मामाचं कागदाचं दुकान आहे, तिथे बसवायचं. म्हणतो, गोडापासून लांब राहील. तिने ऐकलं आणि फावडं धुऊन भिंतीला लावलं. तुला कळलं तर तूही चोर म्हणशील, म्हणून तिने माझ्या अंगावर साखर ढकलली. माझं अंग मोठं, तिला वाटलं मावेल.

आता तू एवढी शिकलीस, तर बोल.

आजी


१२ फेब्रुवारी

आजी,

घाईत लिहिते आहे. तुझ्या त्या पहिल्या पत्रात साखरेच्या परिच्छेदात एकही टोमणा नव्हता. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ते तुझं नाही. जाड आजी आणि साखर, एवढं वाचलं आणि पुढचं माझं मीच ठरवून टाकलं. रोज हेच काम करते, तरी.

नीट ऐक. काडी चोर नाही. मला वाटतं तिच्याकडे कोठीच नाही.

अशी माणसं फार थोडी असतात. त्यांच्या अंगात चरबी साठवणाऱ्या पेशी जवळजवळ नसतातच, किंवा लहानपणी कधीतरी नाहीशा होतात. आता बघ, गाडीवाला पोती घेऊन दारात उभा आहे आणि कोठीला भिंतीच नाहीत. पोती कुठे जातील? जिन्यावर, अंगणात, भट्टीच्या तोंडाशी. काडीची चरबी तशीच यकृतात जाऊन बसते, रक्तात तरंगते. नळीतला दुधासारखा थर तोच, तिने लोणी खाल्लेलं नाही. आणि कोठीच नाही म्हटल्यावर घंटा कोण वाजवणार? मेंदूला वाटतं, घरात दाणा नाही, खा, आणखी खा. ती भूक खोटी नाही आणि हावही नाही. तुझ्यासारखी माणसं जाड असून निरोगी आणि ही बारीक असून आजारी, याचं कारण तेच. सगळी चरबी वाईट नसते. ती नसणं त्याहून वाईट.

मी आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, घरच्या माणसांत सगळ्यांनाच दुर्मीळ आजार दिसतात. मग मी शिंप्याने लिहिलेला मानेचा आणि रक्ताचा भाग वाचून दाखवला. त्या चष्मा काढून म्हणाल्या, "मुलीला लगेच बोलवा."

तिला पाठव. सोबत काकूला पाठव, काकूनेच बघायला हवं. तिचा लहानपणीचा एखादा फोटो दे. ती तेव्हा गुटगुटीत होती, मला आठवतं तसं, की आधीपासूनच अशी? आणि तुझंही रक्त एका नळीत दे, डॉक्टर बर्फात घालून देतील. काकाला म्हणावं, माझ्या उत्तराशिवाय भट्टीवर दुसरं कुणी ठेवायचं नाही.

हे काडीला शिंप्याकडून वाचून दाखव : बाई गं, मी तुला चोर म्हणेन असं वाटलं? मी तर आजीलाच चोर म्हटलं.

थोरली


२० फेब्रुवारी

थोरले,

दोघी निघाल्या. काकूने वाटेत खायला इतकं बांधलंय की गाडीत बाकीच्यांना उभं राहावं लागेल. काडीने तुझं पत्र स्वतः चारदा वाचलं आणि पाचव्यांदा शिंप्याकडून वाचून घेतलं, म्हणे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचंय.

फोटो दिलाय. त्यात ती लाडवासारखी गोल आहे, बघशील. शाळेत जायला लागली आणि एकदा मोठा ताप आला, त्यानंतर गाल जे गेले ते परत आले नाहीत. आम्ही म्हणायचो, उंची धरते आहे.

तुझ्या काकाला मी सांगितलं, थोरलीच्या उत्तराशिवाय नाही. तो गप्प राहिला. त्याचं गप्प राहणं म्हणजे दुसऱ्या दिवशी नवा माणूस, हे मी त्याला जन्म दिल्यापासून ओळखून आहे. म्हणून काडीचं फावडं वर आणून माझ्या पलंगाखाली ठेवलंय. दांडा बाहेर येतो, येताजाता सगळे अडखळतात, अडखळू देत. फावड्याशिवाय काढ म्हणावं पाव. आता तो उसन्या फावड्याने काढतो आणि रोज दोन लाद्या करपतात. मी नुसती खिडकी उघडते, म्हणजे वास सगळ्या गल्लीला जाईल.

रक्त दिलं. डॉक्टर म्हणाला, आजी, तुमचं कशाला? मी म्हटलं, माझं मागवलंय.

आजी

(फावड्याला अडखळून मीही पडलो. — शिंपी)


९ एप्रिल

आजी,

मी काडी. शिंपीदादा, हे हळू वाचा आणि मध्ये थांबून रडू नका, तुम्हाला सवय आहे.

आल्याच्या दुसऱ्या सकाळी ताईने रक्त घेतलं. ती नळी उभी ठेवली आणि आईला समोर बसवलं. आईच्या डोळ्यांदेखत पांढरा थर वर आला. आदल्या संध्याकाळपासून मी आईच्याच शेजारी होते आणि पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. आई बराच वेळ नळीकडे बघत राहिली, मग उठून तिने माझ्या मानेवरून हात फिरवला. त्या मानेवरून ती मला किती बोलली असेल.

मग मला एका यंत्रात घालून अंगभर चित्र काढलं. ताईने त्याच्या शेजारी दुसऱ्या कुणाचं ठेवलं. त्या बाईच्या कातडीखाली सगळीकडे चरबीची पांढरी किनार होती, माझ्यात जवळजवळ नव्हतीच. आणि लेप्टिन, तुझी ती घंटा, मोजायला गेले तर काटा हललाच नाही म्हण. मुख्य बाईंनी दुसऱ्यांदा मोजायला लावलं, तेव्हाही तेच. त्या ताईला सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं." ताई नुसती हसली आणि मग बाहेर जिन्यात जाऊन माझ्याभोवती गोल गोल फिरली. इतकी शिकलेली बाई, आजी, जिन्यात फिरत होती.

ते प्रथिन आता कारखान्यात बनवता येतं. इथल्या मोठ्या इस्पितळात माझ्यासारख्यांसाठी ते देतात. रोज एक बारीक सुई, माझी मीच टोचते. ताई म्हणाली, कोठी परत येणार नाही, सुई जन्मभराची, साखरेसाठी दिलेलं इन्सुलिनही लगेच सुटणार नाही. पण घंटा वाजवता येईल.

पहिले काही दिवस काहीच कळलं नाही. मग एकदा ताईच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघी जेवत होतो. ताईने भाकरीचा तुकडा पुढे केला. मी ताटाकडे बघितलं, ताटात अजून अन्न होतं. मला वाटलं, मी आजारी पडले. पोटात काहीतरी विचित्र होत होतं, म्हणजे काही होतच नव्हतं. सगळं शांत. मी म्हटलं, "ताई, मला नको."

आईच्या हातातला चमचा खाली पडला. आजी, मी हे वाक्य लहानपणानंतर पहिल्यांदा म्हणाले. इतर लोक दिवसातून किती वेळा म्हणतात आणि त्यांना काही वाटतसुद्धा नाही. पोट भरणं म्हणजे हे असतं होय. मी ते ताट तसंच ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत जाऊन जाऊन बघत होते.

आता साखर उतरते आहे, खूप उतरली आहे. काल रक्त काढलं, नळी ठेवली, आम्ही सगळे वाट बघत बसलो. वर काही आलं नाही. नुसतं नितळ, फिकट पिवळं पाणी.

तुझ्या रक्ताचं सांगायचं राहिलं. दार उघडा म्हणणारं प्रथिन जाड माणसांत सहसा कमी होतं. तुझं तरण्या पोरींना लाजवेल इतकं आहे. मुख्य बाईंनी विचारलं, या कोण? ताई म्हणाली, आमची कोठीवाली.

फावडं सांभाळ.

काडी


११ जून

थोरले,

विसरलीस ना, पोर घरी पोचली की खुशालीचं पत्र मी टाकायचं आणि उत्तर तू द्यायचं, असं ठरलं होतं. मी टाकलं. तुझं अजून वाटेतच आहे. असू दे, यंदा तुला सगळं माफ. एवढं मोठं काम करणाऱ्याला विसरायचा हक्क आहे, पण त्याची सवय लावून घेऊ नकोस.

लिहायला पुन्हा काडी आहे. लिहून झालं की शिंपी तपासणार आहे, आता या घरात तसा नियमच आहे. (एकही शब्द बदलला नाही. — काडी) (पाहिले, बरोबर आहे. — शिंपी)

ती आली त्या दिवशी डॉक्टर स्वतः जिना चढून वर आला. म्हणाला, हा आजार मी पुस्तकात वाचला होता, दारातून आत येईल असं वाटलं नव्हतं. काडीची क्षमा मागितली, सरळ, सगळ्यांसमोर. माणूस चांगला आहे. आता तिच्या सगळ्या तपासण्या तोच करतो आणि आपल्या डॉक्टर मित्रांना बोलावून तिची मान दाखवतो. मान उजळते आहे. काडी म्हणते, तिकीट लावू का.

तुझी काकू दुपारी जेवणं झाली की माझ्या खोलीत येते आणि मुकाट माझे पाय चेपते. मी म्हटलं, जाऊ दे, झालं ते झालं. ती म्हणाली, पैज म्हणजे पैज. चेपते मात्र असं की वाटतं, मी हरले असते तर बरं. काल चेपताचेपता म्हणाली, मी माझ्याच पोरीला ओळखलं नाही. मी म्हटलं, तिच्या पोटात काय नाही ते तुला कुठून दिसणार, थोरलीला दिसायला एवढं मोठं यंत्र लागलं. डावा पाय राहिला, तो चेप.

आता मुख्य गोष्ट. पोर आल्यावर दोन दिवस तुझा काका तिच्या समोरच आला नाही. तिसऱ्या दिवशी वर आला, माझ्या पलंगाशी वाकला, मला वाटलं पाया पडतोय. त्याने फावडं ओढून काढलं, सदऱ्याच्या बाहीने पुसलं आणि काडीच्या हातात दिलं. म्हणाला, "भट्टी तापली आहे." एवढंच. त्याच्या मानाने ते भाषण झालं. त्याला म्हणे वाटत होतं, भट्टीने पोर खाल्ली, म्हणून तिला लांब करत होता. मला हे काडीने सांगितलं, तिला भट्टीने.

त्या दिवशी मी जिना उतरून खाली गेले. शिंपी मागे होता, पडले तर धरायला, म्हणजे दोघंही गेलो असतो. भट्टीचं तोंड लाल होतं आणि आपली काडी फावडं आत घालून लाद्या काढत होती, एकेक, सोनेरी, न करपलेली. पहिला पाव तिने मला दिला. तू बंद केला होतास तो. मी खाल्ला. माझ्या रक्तात दार उघडणारं आहे, मुख्य बाईंनी सांगितलंय. मग मी तिला म्हटलं, तूही घे. तिने अर्धा मोडला, खाल्ला आणि अर्धा फळीवर ठेवून कामाला लागली. भट्टीवरची सगळी पोरं त्या अर्ध्या पावाकडे बघत उभी राहिली. तुझा काकासुद्धा. तो पाव कुणी उचलला नाही, दुपारपर्यंत तसाच होता. गल्लीत सगळ्यांना कळलं. शिंप्याने तर चार गिऱ्हाइकांना दाखवायला आणलं.

शिंपी आता सगळ्यांना सांगतो, आमची थोरली चरबीचे निरोप वाचते. मी म्हणते, मला अक्षर येत नाही आणि हिला चरबी वाचता येते, एकाच घरात केवढा फरक. पण कोठीचं माझ्याकडूनच शिकली ना. काडी सांगते, तुला तुमच्या मोठ्या सभेत बोलायचंय, तेव्हा कोठी म्हण, घंटा म्हण. ते लेप्टिन-बिप्टिन मागाहून.

आता सफरचंदं पाठव. पेटी नको. पेटी पाठवलीस तर परत पाठवीन. माणशी दोन धर, तुझ्या काकासाठी, काकूसाठी, शिंप्यासाठी आणि माझ्यासाठी. काडीला एक पुरे. आणि वर एक जास्तीचं घाल, लाल, चांगलं. ते वाडग्यात उरेल. या घरात खायचं काही उरलेलं मी इतक्या वर्षांत पाहिलं नाही, ते मला टेबलावर ठेवून बघत बसायचंय.

तुझी आजी